बितारिहोचा घसा

बितारिहोचा घसा अख्ख्या डोंगरात नावाजलेला होता. गाण्यासाठी नव्हे, गाण्याच्या बाबतीत चर्चमधल्या फादरांनी हात जोडून त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं. त्याचा घसा नावाजलेला होता तो गोरिलांना हाक देण्यासाठी. झाडीत शिरताना माग काढणारा माणूस पोटातून हलका हुंकार काढतो, दोनदा, घसा खाकरल्यासारखा. त्याचा अर्थ एवढाच, की आम्हीच आहोत, ओळखीचे, तुमचं चालू द्या. हुंकार सगळेच देतात. पण रुकारा, म्हणजे त्या कुटुंबाचा पांढऱ्या पाठीचा म्होरक्या, उत्तर द्यायचा तो फक्त बितारिहोला. बाकीच्यांना तो नुसता बघून घ्यायचा.

तेवीस वर्षं हे असं चाललं होतं. त्यामुळे त्या सकाळी चुलीपाशी बसून बितारिहो दोनदा खाकरला, तेव्हा त्याची बायको केबिरुंगी सोडून दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं.

"रुकारा आलाय का चुलीपाशी?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"हाक मारताय म्हणून म्हटलं."

"धूर गेला घशात."

"तीस वर्षं ह्याच चुलीचा धूर खाताय, आजच बरा घशात गेला." तिनं आलं घातलेल्या चहाचा मग त्याच्या हातात आदळला. "काल संध्याकाळपासून ऐकतेय मी. जाऊ नका आज. ओरिशाबाला निरोप धाडा, पाहुण्यांना ती नेईल."

"एंजुराचे दिवस भरलेत."

"म्हणूनच सांगतेय."

बितारिहोनं चहाचा घोट घेतला. बायकोचं बरोबर असलं की तो चहा पीत बसायचा, ही त्याची जुनी खोड. मग तो उठला, कोयता घेतला, रबरी बूट चढवले आणि धुक्यात निघून गेला. गोरिलांच्या नुसत्या रात्रीच्या जागा बघतो नि मागे फिरतो, जवळ कुठं जातोय मी, असं तो वाटभर स्वतःला बजावत होता. माणूस स्वतःशी घासाघीस करायला लागला की समजावं, सौदा आधीच ठरलेला आहे.

एंजुरा ही रुकाराच्या कुटुंबातली मादी. ती जन्मली त्या दिवशी बिविंडीच्या जंगलातल्या त्या उतारावर असा पाऊस कोसळत होता की हातभर पुढचं दिसत नव्हतं, म्हणून तिचं नाव एंजुरा, पाऊस. तिला पहिल्यांदा पाहिलं ते बितारिहोनं. ती आईच्या पाठीवरून कधी उतरली, पहिल्यांदा ओलं लाकूड चाटायला कधी शिकली, सगळं त्याला ठाऊक. सहा वर्षांपूर्वी तिला पहिलं पिल्लू झालं आणि पाच महिन्यांत गेलं. सर्दीनं. नंतर एकदा पोट दिसलं आणि जिरून गेलं. हे तिसरं. गेले दोन महिने बितारिहोचा जीव टांगणीला लागला होता. केबिरुंगी म्हणायची, माझ्या चार बाळंतपणांत हा माणूस एवढा घाबरला नव्हता.

रात्रीच्या जागा त्याला आणि त्याचा जोडीदार मुहेरेझा याला सात वाजायच्या आतच सापडल्या. गोरिला रोज संध्याकाळी पाला मोडून नवं अंथरूण करतात आणि सकाळी ते टाकून पुढे जातात. दोघांनी अंथरुणं मोजली. अकरा. अकराव्यापाशी बितारिहो थांबला. पाला खोल दबला होता आणि त्यावर रक्त होतं, ओलं.

"झालं वाटतं," मुहेरेझा म्हणाला.

"झालं. पण कसं झालं?"

अंथरुणावरून ते कळणार नव्हतं. बितारिहो वाकून बघायला गेला आणि तेवढ्यात घशात खवखव उठली. त्यानं कोपरात तोंड खुपसून ती दाबली आणि चार पावलं मागे सरकला. डोळ्यांत पाणी आलं.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी पाहुण्यांना आणतो."

मुहेरेझानं त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं. बाळ असल्याची शंका आली असताना बितारिहो मागे राहतो हे नवलच होतं. पण थोरल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून तो गुमान मागावर लागला.

पाहुणे दहाच्या सुमाराला वर आले. आठ जण, त्यांचं सामान वाहणारी गावातली माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे वाटाडी ओरिशाबा. ओरिशाबा बितारिहोच्या थोरल्या भावाची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी ती लोकांच्या पिशव्या वाहत होती आणि पंचविसाव्या वर्षी वन्यजीव खात्याचा हिरवा गणवेश घालून त्याच लोकांना दम देत होती. दम द्यायची हातोटी तिला आजीकडून आली होती. बाकी सगळं, पाला कुठं चुरगळलाय, वास कुठून येतोय, कुठल्या शेणावर माशी बसलीय, हे काकाकडून.

गोरिला शंभरेक पावलांवर आले की पिशव्या आणि काठ्या खाली ठेवायच्या, मास्क लावायचे, आणि पुढे हात मोकळे ठेवून जायचं, अशी तिथली रीत. त्या जागी एक मोठं पडलेलं खोड होतं. बितारिहो तिथंच उभा होता, सगळ्यांपासून जरा लांब.

"आता नियम पुन्हा एकदा," ओरिशाबा म्हणाली. "दहा मीटरच्या आत जायचं नाही. तेच जवळ आले तर आपण मागे सरायचं. एक तास, मिनिटही जास्त नाही. आणि कुणाला सर्दी, खोकला, ताप, काहीही असेल तर इथंच सांगा. सकाळी कचेरीसमोर सांगितलेली गोष्ट मी इथं परत सांगते, कारण चढ चढताना माणसं विसरतात. सहा वर्षांपूर्वी एका पाहुण्यानं खोकला लपवला. उंच होता, नाक लाल झालेलं होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. दहा दिवसांत ह्या कुटुंबातलं एक पिल्लू गेलं. पाच महिन्यांचं. त्याची आई त्याला मेल्यावरही चार दिवस छातीशी धरून हिंडत होती. आज आपण तिलाच बघायला जातोय."

ही गोष्ट ती रोज सांगायची, वर्षाचे तीनशे दिवस. आणि वर्षाचे तीनशे दिवस ती सांगत असताना बितारिहो कोयत्याच्या मुठीवरचा दोरा नीट करत बसायचा. आजही त्यानं तेच केलं. दोऱ्याला काहीही झालेलं नव्हतं.

तेवढ्यात त्याला कापराचा आणि पुदिन्याचा वास आला. त्यानं मान वर केली नाही. पण वास कसा धरायचा हे त्यानंच शिकवलेली पोरगी समोर उभी होती.

"बाई," ओरिशाबा म्हणाली, "तोंडात काय आहे?"

नाबुकेन्या बाईंचा जबडा थांबला. कंपालाजवळच्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता, त्यांना कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"गोळी," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"घशाची. बसमध्ये धूळ लागली. बाकी मी ठणठणीत आहे."

"तर मग तुम्हाला इथंच थांबावं लागेल, बाई."

"मुली, बत्तीस वर्षं मी फळ्यावर गोरिला काढलाय. पोरं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलाय का? मी म्हणायची, पुस्तकात. आता शंभर पावलांवर आहे तर तू मला खोडावर बसवतेस?"

"हो, बाई."

"बरं. नियम म्हणजे नियम." बाईंनी बोट उचललं, आणि ते सरळ बितारिहोकडे रोखलं. "मग ह्यांचं काय? आम्ही आल्यापासून पाच वेळा खोकलेत. मी मोजलंय. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते मला पाठमोरं असताना कळतं."

पाहुण्यांच्या माना वळल्या. ओरिशाबा मात्र हसली, आणि तिच्या हसण्यात इतका अभिमान होता की बितारिहोला तिच्याकडे बघवेना.

"तो खोकला नाही, बाई. ती हाक आहे. आम्ही आलोय, घाबरू नका, असं ते गोरिलांना सांगतात. हे माझे काका. ह्या डोंगरात त्यांच्यासारखा घसा दुसरा नाही. त्यांची हमी मी देते."

झालं की. बितारिहोला तोंडही उघडायची गरज उरली नव्हती. पोरीनं त्याला हसत हसत मोकळं केलं होतं, तेही सगळ्यांसमोर. आता फक्त मास्क लावायचा आणि चालू पडायचं.

त्यातच ओरिशाबाच्या खांद्यावरची वॉकीटॉकी खरखरली. मुहेरेझा दबक्या आवाजात बोलत होता. "ओरिशाबा, ती पाठमोरी बसलीय. छातीशी काहीतरी धरलंय. हलतंय की नाही ते दिसत नाही. रुकारा बिथरलाय, मध्ये उभा राहिलाय, मला पुढं सरकू देत नाही. काकांना पाठव. ते बोलल्याशिवाय हा बसायचा नाही."

"आलोच," ओरिशाबा म्हणाली. "चला, काका."

बितारिहोनं एक पाऊल टाकलंही. खोटं कशाला बोला? हलतंय की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. सहा वर्षांपूर्वीचंही त्यानं असंच पाहिलं होतं, हलतंय की नाही, चार दिवस. त्याला बाळ डोळ्यांनी बघायचं होतं, एकदाच, एवढासा हात हलताना. दहा मीटरवरून, मास्क लावून. काय बिघडणार होतं?

आणि मग घशात ती खवखव पुन्हा उठली. त्यानं सवयीनं तिची हाक करायला घेतली, पोटातून, दोनदा. ती निम्म्यातच फुटली आणि तो वाकून खोकत राहिला.

"काका?"

"ही हाक नाही, पोरी," तो म्हणाला. "खोकलाच आहे. बाईंनी बरोबर मोजलंय."

ओरिशाबाचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून."

"आणि सकाळी तुम्ही अंथरुणांपाशी गेला होतात?"

"चार पावलं लांब होतो. पुढं मुहेरेझाला धाडलं."

"बसा खाली," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पाहुण्यांसाठी काढायची तसा. "बाईंच्या शेजारी नको. खोडाच्या त्या टोकाला." मग जरा थांबून, हळू आवाजात, "रुकारा मला उत्तर देत नाही, काका. माहितेय तुम्हाला."

"देईल. तू घशातून काढतेस, तिथंच चुकतं. पोटातून काढ. आणि हाक देताना त्याच्याकडे बघू नको, पाल्याकडे बघ."

ती गेली. पाहुणे तिच्यामागून गेले. पिशव्या सांभाळणारी माणसं वाटेच्या खालच्या वळणावर बसली, आणि खोडाच्या दोन टोकांना दोन खोकणारी माणसं उरली.

बराच वेळ बाईंनी गोळी चघळली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला अडकवायला नव्हते बोलले. रागात बोलले."

"बरं झालं बोललात."

"ती हमी देत होती. गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," बितारिहो म्हणाला. "मागच्या वेळीही कळलं नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आणि बितारिहोनं, सहा वर्षं जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. त्या हंगामात पाहुण्यांची रीघ लागली होती. त्याला सर्दी झाली होती. पण आपल्यावाचून रुकारा बसत नाही, ह्या गोष्टीचा त्याला माज होता, सरळ शब्दांत सांगायचं तर माज. म्हणून तो तीन दिवस वर गेला आणि खोकला आला की त्याची हाक करून द्यायचा. हाकेत खोकला मिसळून जायचा. त्याच आठवड्यात तो लाल नाकाचा उंच पाहुणा आला. पिल्लू गेल्यावर सगळ्या गावानं त्या पाहुण्याच्या नावानं बोटं मोडली. डॉक्टर म्हणाले होते, कुणाकडून आलं ते सांगता येत नाही.

"म्हणजे तुमच्याकडूनच आलं असं नाही," बाई म्हणाल्या.

"त्याच्याकडून आलं असंही नाही. पण ती रोज त्याचीच गोष्ट सांगते. आणि मी रोज ऐकतो."

"मग हे मला कशाला सांगताय?" बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. "मी उद्या घरी जाईन. तिला सांगा."

बितारिहो उत्तर देणार, तोच वरून हुंकार ऐकू आला. दोनदा. पहिला घशातून. शांतता. मग पुन्हा दोनदा, खोल, पोटातून. बितारिहोनं श्वास रोखला. नकळत त्यानं बाईंनाही हातानं गप्प राहायची खूण केली. आणि मग झाडीतून ते उत्तर आलं, जाड, आळसावलेलं, तेवीस वर्षं फक्त त्याच्या वाट्याला आलेलं.

"कोण होतं ते?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"रुकारा. बसला तो." बितारिहोला हसूही येत होतं आणि आत कुठंतरी दुखतही होतं. पोरीचं कौतुक वाटत होतं, हेवाही वाटत होता, आणि दोन्ही एकदमच वाटत होतं, त्याला काय करणार?

तासाभरानं ओरिशाबा उतरली. पाहुणे मागून हळू आवाजात बोलत येत होते. ती त्याच्यापासून पाच पावलांवर उभी राहिली आणि मास्क न काढताच म्हणाली, "जिवंत आहे. दूध पितंय. डोक्यावर केस आहेत, ओले. एंजुरानं एकदा त्याचा हात तोंडात धरला आणि ते ओरडलं, एवढंसं."

बितारिहोनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. थोड्या वेळानं ते खाली आले तेव्हा ओरिशाबा वही काढून बसली होती. परत पाठवलेल्यांची नावं आणि कारण त्यात लिहायचं असतं. तिनं बाईंचं लिहिलं. मग त्याचं लिहिलं. तेवीस वर्षांत त्या रकान्यात माग काढणाऱ्याचं नाव पहिल्यांदा येत होतं.

"चौदा दिवस वर यायचं नाही," ती म्हणाली.

"ओरिशाबा. अजून एक ओळ लिही. सहा वर्षांपूर्वीची."

त्यानं सांगितलं. ह्या वेळी लवकर संपलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द कमी लागतात. ओरिशाबानं मध्ये एकदाही टोकलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ते मेलेलं पिल्लू टोपलीत घालून खाली आणणाऱ्यांत ती होती. त्या दिवशीच तिनं ठरवलं होतं की वाटाडी व्हायचं आणि असल्या खोकणाऱ्या पाहुण्यांना वर जाऊ द्यायचं नाही.

"रोज माझ्या शेजारी उभे राहायचात तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "रोज."

"हो."

"त्या माणसाला मी किती शिव्या घातल्यात, माहितेय?"

"माहितेय."

तिनं वही मिटली. लिहिलं की नाही ते बितारिहोला दिसलं नाही, आणि विचारायचं धाडस त्याला झालं नाही. उतरताना ती सबंध वाट त्याच्याशी बोलली नाही.

पुढचे चौदा दिवस बितारिहो घरी होता. नाबुकेन्या बाईंना तारीख पुढे ढकलून मिळाली होती; त्या उतरायला केबिरुंगीच्याच घरी आल्या. दोन खोकणारी माणसं एका छपराखाली बरी, म्हणजे तिसऱ्याला नको, असं केबिरुंगीचं म्हणणं. तिनं दोघांना आल्याचा चहा आणि बुशेरा, म्हणजे ज्वारीची आंबील, पाजून पाजून हैराण केलं. सहा वर्षांपूर्वीचं नवऱ्याकडून ऐकल्यावर तिनं चहाचा मग त्याच्यापुढे आदळला आणि ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तेव्हाही धूरच गेला होता ना घशात?" ओरिशाबा मात्र फिरकली नाही. सहाव्या दिवशी कचेरीतून चिठ्ठी आली: जुन्या प्रकरणाची चौकशी होईपर्यंत बितारिहोनं जंगलात जाऊ नये. म्हणजे तिनं लिहिलं होतं. चिठ्ठी वाचून बितारिहोला बरं वाटलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी बाईंबरोबर तो कचेरीपर्यंत चालत गेला. धुकं होतं. नवे पाहुणे बाकांवर बसले होते आणि ओरिशाबा नियम सांगत होती. दहा मीटर. एक तास. मग ती गोष्टीपाशी आली. "सहा वर्षांपूर्वी," ती म्हणाली, आणि थांबली. कुंपणापाशी उभ्या काकाकडे तिनं पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

बितारिहो पुढे आला. हातात कोयता नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"सहा वर्षांपूर्वी ह्या कुटुंबातलं एक पिल्लू सर्दीनं गेलं," तो म्हणाला. "त्या आठवड्यात खोकला लपवून वर गेलेला माणूस पाहुणा नव्हता. माग काढणारा होता. मीच तो. मला नियम पाठ होते, आणि त्या आईला मी तिच्या जन्मापासून ओळखत होतो. तरी गेलो. मला वाटलं, माझा खोकला वेगळा." त्यानं हात पाठीमागे घेतले. "तिला आता दुसरं झालंय. मी अजून पाहिलेलं नाही. एवढंच सांगायचं होतं."

मग दुसऱ्या बाकावरचा एक तरुण, नवे बूट, गळ्यात भलामोठा कॅमेरा, सावकाश उठला. त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ओरिशाबाच्या हातावर ठेवलं.

"परवापासून घसा दुखतोय," तो म्हणाला.

ओरिशाबानं पाकीट घेतलं आणि त्याचं नाव वहीत लिहिलं. बाकीच्यांना घेऊन ती निघाली, तेव्हा नाबुकेन्या बाई रांगेत सगळ्यात मागे होत्या. त्या बितारिहोपाशी थांबल्या.

"संध्याकाळी येऊन सगळं सांगते," त्या म्हणाल्या. "न पाहता बत्तीस वर्षं सांगितलं, आता पाहून सांगेन. नीट ऐका म्हणजे झालं."

वाटेच्या वळणावर ओरिशाबा वळली. "काका," तिनं हाक मारली, "त्या पाहुण्याला चहा पाजा. आल्याचा."

रांग धुक्यात शिरली. बाकावर तो तरुण मान खाली घालून बसला होता. बितारिहो जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"लांबून आलात?" त्यानं विचारलं.